देवाच्या कोनाड्यातली पिवळी मंडळी

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (कंबर आता पहिल्यासारखी वाकत नाही, पण कागदावर वाकायला काही लागत नाही, तेव्हा हा नमस्कार पुरता जमिनीला टेकलेला आहे असं समजावं.)

गेल्या सोमवारी सकाळी मी ब्रशवर पेस्ट घेतली, आरशासमोर उभा राहिलो, तोंड उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि दात न घासताच ब्रश धुऊन पेल्यात ठेवून दिला. पत्र असं सुरू करू नये हे मला कळतं. पत्र कसं लिहावं ते तुम्हीच शाळेत शिकवलंत. आधी थोरांची ख्यालीखुशाली, मग मजकूर, शेवटी धाकट्यांना आशीर्वाद. पण सध्या माझ्या डोक्यात एकच विषय आहे आणि तो रांग मोडून पुढे घुसला. आता त्याला मागे उभा करतो आणि रीतसर विचारतो. तुमचा डावा गुडघा कसा आहे? नवा चष्मा नाकावरून घसरतो असं मामी फोनवर म्हणाल्या, तो दुकानात नेऊन घट्ट करून घेतलात का? तुम्हाला ऐकू कमी येतं ही त्यांची दुसरी तक्रार मी मनावर घेतलेली नाही, कारण मामी सोडून बाकी सगळ्यांचं तुम्हाला नीट ऐकू येतं हे आम्हा भाचरांना लहानपणापासून ठाऊक आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्या भाचेसुनेचं शिवणाचं दुकान चांगलं चाललं आहे. दोन्ही मुलं आपापल्या घरी सुखी आहेत, आणि आपले वडील कॉलेजात शिकतात हे मित्रमंडळींना सांगायचं की लपवायचं यावर अजून विचार करताहेत.

कॉलेजचं खापर तुमच्यावर फोडायचा माझा विचार नाही, पण थोडं फोडतो. दूध थंड करायचं आमचं केंद्र बंद पडलं तेव्हा मी घरी बसून छताकडे बघत होतो. तुम्ही आलात आणि म्हणालात, जा, शीक, वय वर्गाच्या दाराशी चपलांसारखं काढून ठेव. (ठेवलं, मामा. पण चपला निदान परत जाताना सापडतात.) आयुष्यभर मी दुधाच्या कॅनचं झाकण उघडून वास घेत आलो. कुठलं दूध दुपारपर्यंत टिकेल आणि कुठलं वाटेतच नासेल हे नाकाला कळायचं, का ते मात्र कळायचं नाही. शाळेत असताना मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, दूध नासतं म्हणजे आत नक्की काय होतं? तुम्ही म्हणालात, मोठा झालास की कळेल. मी मोठा होऊन बरीच वर्षं झाली. कोणी काही सांगायला आलं नाही, म्हणून शेवटी मीच विचारायला गेलो.

आता दोन वर्षं सरत आली आहेत. पुढचं वर्ष शेवटचं, आणि त्यात एकच मुख्य विषय घ्यायचा असतो. मला सूक्ष्मजीवशास्त्रच हवं आहे, त्याच्यासाठीच मी या वयात पोरांच्या बाकावर बसलो. गुण पुरेसे आहेत, हजेरी तर वर्गात सर्वांत चांगली आहे (मला दांडी मारून जायला दुसरं ठिकाणच नाही). तरीही जागा मिळेल की नाही याचा भरवसा नाही, कारण सगळं एका भांड्यापाशी येऊन अडलं आहे. भांड्याचं नाव ऑटोक्लेव्ह. मामींच्या कुकरचा थोरला भाऊ म्हणावा असं ते दिसतं. झाकणाला चहूबाजूंनी स्क्रू, वर वाफेचा काटा, आणि शिट्टी वाजली की पहिल्या वर्षाची पोरं अजूनही दचकतात. प्रयोगशाळेत आम्ही जे जे जीव वाढवतो ते काम संपल्यावर या भांड्यात घालून वाफेवर मारायचे असतात. नळीत काय वाढलं आहे याची कोणालाही पूर्ण खात्री देता येत नाही, म्हणून जिवंत काहीही मोरीत किंवा कचऱ्यात जाता कामा नये, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. नियम मला पटतो. मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहून पुरे गुण मिळवले आहेत. फक्त भांड्याचं झाकण माझ्या हातून लागत नाही.

हे असं का झालं ते सांगतो, पण त्याआधी मी तिथे कसा वावरतो याची कल्पना यावी म्हणून दोन गोष्टी. आमच्याकडे काचेच्या चपट्या झाकणाच्या बशा असतात, त्यांना प्लेट म्हणतात. तळाशी खळीसारखा थर ओतलेला असतो, त्यावर जीव पेरायचे आणि ऊब देणाऱ्या कपाटात ठेवून द्यायचे. पहिल्या वर्षी, अगदी सुरुवातीलाच, मी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि सहज ते कपाट उघडलं, तर आख्ख्या वर्गाच्या प्लेटा उलट्या ठेवलेल्या, झाकण खाली आणि बूड वर. माझ्या मनात आलं, पोरं ती, घाईत घरी पळाली असतील. मी एकूण एक प्लेट सुलटी करून ठेवली, कपाटाची काचही पुसली, आणि आज हातून काही चांगलं घडलं या समाधानात बाकावर जाऊन बसलो. मामा, त्या मुद्दाम उलट्या ठेवतात. सुलट्या ठेवल्या की झाकणाला धरलेलं पाणी खाली ठिबकतं आणि वेगवेगळं वाढलेलं सगळं एकमेकांत वाहून जातं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक प्लेटमध्ये नुसतं सारवण झालं होतं. हे कोणी केलं असं आमच्या मॅडमनी विचारल्यावर मी आनंदाने हात वर केला, कारण मला वाटलं कपाटाच्या काचेबद्दल विचारताहेत.

दुसरी गोष्ट रंगाची. जिवाणू बघायचे तर ते रंगवावे लागतात, आणि त्यातला पहिला रंग जांभळा असतो. तो काचेवर जितका चढतो त्याच्या दुप्पट बोटांना चढतो आणि साबणाला जुमानत नाही. तसाच हात ओला असताना मी घरी आलो, आणि घराला लागूनच असलेल्या दुकानात इस्त्री करून ठेवलेला एक पांढरा सदरा खाली पडत होता तो झेलला. सदरा वाचला, पण त्याच्या पाठीवर माझी पाचही बोटं उमटली. तुमच्या भाचेसुनेने तो उचलून उजेडात धरला, शांतपणे न्याहाळला आणि म्हणाली, "गिऱ्हाइकाला शाबासकीच द्यायची होती तर तो घालून आल्यावर द्यायची होती." मग तिने सदऱ्याची अख्खी पाठ उसवून नवी बसवली. त्या दिवसापासून दुकानाच्या दारात मला हात वर करून दाखवावे लागतात आणि मगच आत घेतलं जातं.

तर आता मूळ गोष्ट. या वर्षाच्या सुरुवातीला मॅडमनी (आमच्या विभागाच्या प्रमुख, वयाने माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान, पण समोर उभ्या राहिल्या की मला शाळेतले तुम्ही आठवता) प्रत्येकाला एक कोरी प्लेट देऊन सांगितलं की कुठेतरी थोडा वेळ उघडी ठेवा, हवेतून काय पडतं ते बघू. कोणी बसथांब्यावर ठेवली, कोणी कँटीनमध्ये, एकाने चपलांच्या मांडणीवर. मी म्हटलं, सगळे घाण शोधताहेत, एक तरी प्लेट स्वच्छ निघावी. म्हणून मी ती आमच्या घरातल्या देवाच्या कोनाड्यात ठेवली, समईच्या बाजूला, आणि ती उघडी असेपर्यंत डोळे मिटून बसलो. पुढच्या तासाला मॅडमनी सगळ्या प्लेटा ओळीने मांडल्या. बसथांबा बरा होता. चपलांची मांडणीही ठीकच. माझी प्लेट मात्र इतकी भरली होती की मॅडमनी ती दोन बोटांनी उचलून धरली आणि विचारलं, "ही कोणाची? गटारावर ठेवली होती का?" मी खाली बघून म्हटलं, "नाही मॅडम, देवाजवळ." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले.

मॅडमनी नंतर नीट समजावलं. जिथे वारा नसतो तिथे धूळ निवांत बसते. कोनाड्यात वारा नाही, वाळलेली फुलं आहेत, वातीची काजळी आहे आणि भिंतीपलीकडे दिवसभर चिंध्यांचा भुगा उडतो आहे. यात देवाचा दोष नाही. हेच मी घरी सांगितलं, पण "यात देवाचा दोष नाही" एवढ्या वाक्यातून तुमच्या भाचेसुनेने उरलेला दोष कोणाचा ते बरोबर ओळखलं. तिने कोनाडा घासला, धुतला, उकळत्या पाण्याने पुन्हा धुतला, चुना दिला. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, देवाशी बोलत होती, आणि ते मला स्वयंपाकघरातून बाहेर ऐकू येईल एवढ्या आवाजात. "तुला तरी कळतंय ना कोण कुठे काय उघडं टाकून बसतं ते," असं काहीसं.

त्या प्लेटमध्ये नाना तऱ्हेचे जीव होते, पण त्यांत काही ठिपके पिवळे होते. मोहरीएवढे, गोल, चकचकीत, आणि पिवळे म्हणजे असे पिवळे की झेंडूने बघून मान खाली घालावी. मॅडमनी प्रत्येकाला आपल्या प्लेटमधला एक जीव निवडून वर्षभर सांभाळायला सांगितलं होतं. मी हे पिवळे घेतले. तारेच्या टोकाने अलगद उचलून नळीत पेरले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर चौघे चौघे एकमेकांना खेटून बसलेले, जणू जेवण उरकून गप्पा मारताहेत. कोणाच्या अध्यात ना मध्यात. मॅडम म्हणाल्या (तिथे मॅडमसकट सगळे मला काकाच म्हणतात), अगदी निरुपद्रवी जात आहे काका, हवेत असते, माझ्या-तुमच्या कातडीवरही असते. पण मामा, मी ती हवेतून आणली नव्हती. मी ती कोनाड्यातून आणली होती, आणि कोनाडा तर आता उकळत्या पाण्याने धुतला गेला होता. देवाच्या घरची ही मंडळी बेघर झाली ती माझ्यामुळे, आणि आता ती माझ्या आश्रयाला आहेत असं माझ्या मनाने घेतलं. मन एकदा घेतं म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्गात फळ्याकडे जाताना मुंग्यांची ओळ आडवी आली की तुम्ही पाय उचलून वळसा घ्यायचात, आणि आम्ही सगळी पोरं मागून तसाच वळसा घ्यायचो. तो वळसा माझ्या पायांतून अजून गेलेला नाही.

वर्षभर सांभाळायचं म्हणजे असं की जुन्या नळीतलं अन्न संपत आलं की त्यातले थोडे नव्या नळीत घालायचे आणि जुनी नळी भांड्यात. नव्या नळीत घालण्याचं काम मी वर्गात सर्वांत नीट करतो. जुनीचं काय करायचं हा प्रश्न यायचा तेव्हा मी ती खिशात घालून उगाच इकडे तिकडे फिरायचो, आणि कोणी बघत नाही असं पाहून प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये मागच्या कोपऱ्यात एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचो. डब्यावर मी "काका" असं लिहिलं होतं. पोरांना वाटायचं काकांचा खाऊ असेल. (खाऊ समजून कोणी उघडला नाही हे त्यांचे संस्कार, आणि माझं नशीब.) शिवाय वर्गाची सगळी टाकाऊ सामग्री भांड्यात घालून शिट्टी होईपर्यंत उभं राहायची पाळी दर आठवड्याला एकेकाची असते. माझी पाळी आली की मी ती दुसऱ्याशी बदलून घेतो आणि त्याच्या वाटच्या बाटल्या धुतो. कापसाची बुचं वळून देतो. भिंगं पुसतो. वर्गात माझ्याइतका लाडका विद्यार्थी दुसरा नाही, मामा. माझी पाळी जवळ आली की पोरं आपापल्या घाण बाटल्या राखून ठेवतात.

हे किती दिवस झाकून राहणार? टेबलावरची माझी सोबतीण, एक बारीकशी, पटपट बोलणारी मुलगी आहे, तिच्या ते लक्षात आलं. (घरी मी तिचा उल्लेख "माझी जोडीदारीण" असा एकदा केला. पुन्हा करणार नाही.) तिने सरळ विचारलं, काका, तुम्ही भांडं का टाळता? मीही सरळ सांगितलं की जीव घ्यायला हात होत नाही. ती हसली नाही. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "काका, तुम्ही सकाळी दात घासता ना?" मी हो म्हटलं. "मग रोज सकाळी किती जात असतील?" तेवढ्यात बाकीची पोरं जमली. एकाने आंघोळीचा विषय काढला, दुसऱ्याने दूध तापवण्याचा. तिसरा म्हणाला, काका नुसते शिंकले तरी आमच्या भांड्यापेक्षा जास्त हानी होते. मी त्यांच्या थट्टेत सामील झालो, पण घरी येताना विचार करत आलो. रविवारभर विचार केला. आणि सोमवारी सकाळी, ज्याने पत्राची सुरुवात बिघडवली, ते घडलं.

त्याचा परिणाम लवकर दिसला. नाश्त्याच्या वेळी तुमच्या भाचेसुनेने खुर्ची मागे सरकवली. कारण सांगितल्यावर तिने ती आणखी मागे सरकवली आणि म्हणाली, "तोंडातल्यांची दया येते, तोंडासमोर बसणारीची येत नाही." दुपारी सोबतिणीने माझ्यासमोर वेलदोडा ठेवला. मॅडम शंका विचारायला जवळ बोलावतात, त्या दिवशी त्यांनी शंका लिहून द्यायला सांगितली. मंगळवारी सकाळी मी दात घासले. तत्त्व हरलं, शेजार जिंकला. पण एक गोष्ट कळली की आपण नकळत जे करतो ते सोपं असतं. तेच झाकण लावून, स्क्रू पिळून, काटा वर चढताना बघत करायचं म्हटलं की अवघड होतं. हे मी मॅडमना सांगितलं. सुटी लागायच्या आधी प्रयोगशाळा रिकामी करायची असते आणि प्रत्येकाने आपापले जीव आपल्या हाताने संपवायचे असतात, त्यासाठी त्यांनी शुक्रवार ठरवला होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, हे घरासारखं आहे. ज्याला मांडता येतं त्याला आवरताही आलं पाहिजे. शुक्रवारी तुम्ही आवरलंत तर पुढच्या वर्षी तुम्ही माझ्याकडे. नाहीतर वनस्पतिशास्त्र घ्या, तिथे मी स्वतः शब्द टाकते." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी निदान मनात भांडता येतं.

तर असं आहे. बाकी मी मजेत आहे, खरोखर मजेत आहे. या वयात रोज सकाळी दप्तर घेऊन निघावं, कोणीतरी आपल्याला काहीतरी नवं सांगावं आणि संध्याकाळी ते घरी येऊन शिलाईच्या यंत्राच्या आवाजावर ओरडून सांगावं, हे सुख कोणाच्या वाट्याला येतं? दूध का नासतं ते मला आता कळलं आहे. भेटलो की सांगेन, पत्रात मावणार नाही. फक्त एवढंच सांगतो की उत्तर तुमच्या वेळी दिलं असतंत तरी मला कळलं नसतं, तेव्हा तुमचं बरोबरच होतं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला ऊब द्यावी. धाकट्यांना आशीर्वाद पाठवायचा, पण शिक्षणात आमच्या घरात आता मीच सर्वांत धाकटा असल्याने तो कोणाला पाठवावा कळत नाही. तुमच्याकडे जो कोणी लहान असेल त्याला द्यावा.

तुमचा आज्ञाधारक विद्यार्थी (पुन्हा एकदा),
भाचा

ता. क. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पत्र लिहायचं कारण ते नव्हतं. कारण विचारायला संकोच वाटत होता म्हणून एवढी पानं भरली. मामा, शुक्रवारच्या आत तुमची दोन ओळींची परवानगी हवी आहे. मी त्या पिवळ्यांना भांड्यात घालावं की नाही? तुम्ही घाल म्हणालात तर घालीन, आणि त्याचं जे काही असेल ते तुमच्या शब्दावर सोपवून झोपेन. तुम्ही नको म्हणालात तर वनस्पतिशास्त्र घेईन आणि झाडांत मन रमवीन. झाडंही मला आवडतात. (फार नाही.) मुंग्यांना वळसा तुम्हीच शिकवलात, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर देणंही तुमच्याकडेच येतं. उत्तर फोनवर देऊ नका. फोन तुमची भाचेसून उचलते आणि ती तुमच्या वतीने उत्तर द्यायला टपलेली आहे.

दुसरी ता. क. हे पत्र माझ्या दप्तरातच राहिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं म्हणून आता हा कागद आत सरकवतो आहे. परवानगी पाठवू नका. काय झालं ते सांगतो.

गुरुवारी मी म्हटलं, निदान शेवटचं एकदा सगळ्यांना भेटून घ्यावं, म्हणून फ्रीजमधला डबा काढला. झाकण उघडलं, तर आत हिरवं. जुन्या नळ्यांची बुचं ओलावून सैल झाली होती आणि डब्यात बुरशी शिरली होती. बहुतेक नळ्यांवर मखमलीसारखा हिरवा थर, आणि त्याखाली माझे पिवळे आक्रसून, सुकून, रंग जाऊन पडलेले. ज्यांना वाचवलं म्हणून मी वर्षभर समाधानात होतो ते त्या डब्यात उपाशी आणि कोंडून मेले होते, आणि जे जिवंत होते त्यांच्या उरावर दुसरे जिवंत बसले होते. मी डबा हातात धरून उभा राहिलो. बुरशीही देवानेच केली. मग मी कोणाच्या बाजूचा? एवढी वर्षं आपण जिवाच्या बाजूचे आहोत असं धरून चाललो होतो, आणि इथे दोन्हीकडे जीवच होते.

मी असा उभा असताना सोबतीण आली आणि तिने डब्याशेजारची आपली नळ्यांची मांडणी बाहेर काढली. तिच्याही नळ्यांत हिरवं शिरलं होतं. माझ्याच डब्यातून गेलेलं. शुक्रवारी संपवायच्या आधी परीक्षेसाठी दाखवायचा तिचा जीव, तिने पावसाच्या डबक्यातून शोधून काढलेला, वर्षभर जपलेला, तोही त्यात गेला. तिने नळ्या उजेडात एक एक करून पाहिल्या. मी म्हटलं, हे माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "असू दे काका. परत काढते. एक नळी बरी दिसतेय, तिच्यावरून जमेल." मग तिने घरी फोन लावून सांगितलं की मी शुक्रवारच्या गाडीने येत नाही, थोडे दिवस थांबावं लागेल. पलीकडून कोणीतरी, बहुधा आई, बराच वेळ बोलत होती, आणि ही नुसतं "हो गं", "नाही गं" करत होती. कारण विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "काही नाही, फ्रीज साफ करायचा राहून गेला होता."

काकांनी केलं असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी तुमच्या उत्तराची वाट बघत बसलो असतो.

शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी गेलो. फ्रीजचा मागचा कोपरा रिकामा केला, पुसला. डब्यातल्या नळ्या, हिरव्या आणि पिवळ्या, वेगळ्या न करता एकाच टोपलीत उभ्या केल्या. माझ्या टेबलावरची या आठवड्याची ताजी नळी, जिच्यातले पिवळे अजून टवटवीत होते, ती हातात घेऊन थोडा वेळ खिडकीपाशी गेलो. मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. सोबतीण दुसऱ्या टेबलावर खाली मान घालून तिच्या एका बऱ्या नळीतून नव्या नळीत पेरत होती. ताजी नळीही मी टोपलीत ठेवली. मग वर्गातल्या बाकीच्यांची टाकाऊ सामग्री होती तीही घेतली, कारण पाळी माझीच होती; खरं तर सगळ्या पाळ्या माझ्याच होत्या. टोपली भांड्यात उतरवली, झाकण ठेवलं, स्क्रू समोरासमोरचे असे जोडीजोडीने पिळले, जसं शिकवलं आहे तसं. मग हात जोडले. पण हात जोडलेले असताना स्विच दाबता येत नाही, म्हणून ते सोडले, आणि दाबला.